ज्या विद्यापीठाचं नाव सांगायचं टाळते, तिथूनच बोलावणं आलंय

पत्र थोडक्यात

पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. महाराष्ट्रातल्या एका छोट्या विद्यापीठाच्या आवारातल्या रसायनशास्त्र विभागातून त्यांनी २०१७ मध्ये एम.एस्सी. केलं. घरून रोज एसटीने जाऊन-येऊन करता येईल, म्हणून घरच्यांनी तिथे घातलं होतं. पुढे पुण्यात एक वर्षाचा डिप्लोमा केला आणि आता त्या पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत ॲनालिटिकल विभागात बऱ्या पदावर आहेत. ऑफिसात कुणी शिक्षण विचारलं की त्या "पुण्यात झालं" एवढंच सांगतात. लिंक्डइनवरही डिप्लोमाच आहे, एम.एस्सी. नाही.

विद्यापीठातल्या त्या विभागावर त्यांचा राग आहे. औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राला दोन वर्षांत हात लावायला मिळाला नाही. ते प्लास्टिकच्या कव्हराखाली असायचं आणि पाहणीला कुणी येणार असलं की कव्हर निघायचं. कॅम्पस मुलाखती झाल्या नाहीत. आता तिथून फोन आला आहे: नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनासाठी समिती येणार आहे, माजी विद्यार्थिनी म्हणून या, चार चांगले शब्द बोला, सोबत पाठवलेला गूगल फॉर्म सगळीकडे "उत्कृष्ट" टिकमार्क करून भरा आणि जमलं तर माजी विद्यार्थी निधीला ५,००० रुपये द्या. फोन करणारी त्यांचीच दोन वर्षं पुढची सीनियर, तिथेच तासिका तत्त्वावर शिकवते.

त्यातच कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणी विभागात) एक ट्रेनी मुलगी लागली. विद्यापीठाच्या त्याच रसायनशास्त्र विभागातली. कॅन्टीनमध्ये तिने विचारलं, "मॅडम, तुमचं एम.एस्सी. कुठलं?" उत्तर गेलं, "पुण्याचं." पुढच्याच आठवड्यात ती मुलगी माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. तिथे यांचं नाव बॅचसकट आहे. "ती काहीच बोलली नाही. आता नुसतं गुड मॉर्निंग मॅडम म्हणते आणि खाली बघून जाते. मला तिच्या टेबलाजवळून जाणं नको वाटतं."

प्रश्न असा: जावं का? ज्यांनी काही दिलं नाही, त्यांच्याबद्दल गोड खोटं बोलावं का? आणि माझं त्यांना खरंच काही देणं लागतं का?

(ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले आहेत.)

उत्तर

तुम्ही विचारलंत समितीबद्दल, पण पत्रातली निम्मी शाई कॅन्टीनवर गेली आहे. म्हणून आधी कॅन्टीन.

तुम्ही जे लपवताय ते नेमकं कुणापासून, याचा जरा हिशेब करू. कंपनीच्या एचआरकडे तुमची एम.एस्सी.ची गुणपत्रकं आहेत, पदवी प्रमाणपत्राची प्रत आहे. औषध कंपन्यांत नोकरी देताना कागदपत्रांची पडताळणी होते, म्हणजे तुमच्या विद्यापीठाकडे कुणीतरी विचारणाही केली असणार. तुम्हाला ज्यांनी घेतलं, बढती दिली, त्यांना ते नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त जेवणाच्या टेबलावरच्या मंडळींना. एवढ्याशा गुपितासाठी तुम्ही इतकी वर्षं सावध बोलताय, हे वाचून मला तुमची थोडी दया आली, थोडं हसूही आलं. रागावू नका.

आणखी एक गंमत बघा. तुमचा ठाम समज आहे की त्या विद्यापीठाच्या नावाने दारं बंद होतात. पण एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, त्याच विभागातून आलेल्या दोघी आहेत. एक तुम्ही, दुसरी ती. ती तर पुण्याचा डिप्लोमा न करताही आत आली असेल, तुम्ही विचारलंच नाही. नावाचा काही तोटा होत नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्या कॅम्पसला जाताना जिथे एका दिवसात शे-दोनशे मुलं बघता येतील तिथे जातात. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या विभागासाठी माणसं आणि गाडी पाठवायला त्यांना परवडत नाही. हे नुकसान खरं आहे. पण ते संख्येमुळे झालेलं नुकसान आहे. तुम्ही ते स्वतःच्या अंगाला लावून घेतलंत आणि लाज म्हणून वागवताय.

तेव्हा पहिलं काम हे. समितीची तारीख येईल तेव्हा येईल, या आठवड्यात त्या मुलीला चहाला बोलवा. लांबलचक खुलासा नको. "अगं, मीही आपल्याच डिपार्टमेंटची, २०१७ ची बॅच. त्या दिवशी सांगितलं नाही, उगाच. ऑरगॅनिकला कोण होतं तुम्हाला?" बस. पुढचं संभाषण शिक्षकांची नावं, लॅबमधला तो वास आणि परतीची शेवटची एसटी हे सगळं मिळून आपोआप पुढे नेतील. ती खाली बघून जाते ती तुम्हाला कमी लेखून नाही, असं मला वाटतं. नवी ट्रेनी आहे. वरिष्ठांनी एक गोष्ट लपवलेली आपल्याला कळली, आता आपण काय तोंड करावं हे तिला समजत नाहीये. शिवाय तिने त्यातून एक धडाही घेतला असणार, की इथे हे नाव सांगायचं नसतं. तो धडा तुमच्याकडून गेला आहे, तर तो परतही तुम्हीच घ्यायला हवा.

लिंक्डइनवर एम.एस्सी. टाका. त्यासाठी कुठल्याही पोस्टची गरज नाही, "माझ्या मुळांचा अभिमान" वगैरे तर अजिबात नको.

आता "त्यांनी मला काहीच दिलं नाही" हे वाक्य. मी कृतज्ञतेचं प्रवचन देणार नाही, ते तुम्हाला मेळाव्यात शालीबरोबर मिळेलच. पण वाक्य तपासून बघू. ही छोटी विद्यापीठं आपल्याकडे का निघाली? शिवाजी विद्यापीठातून २००४ साली सोलापूर वेगळं झालं, एका जिल्ह्यासाठी. नागपूर विद्यापीठातून २०११ साली गोंडवाना वेगळं झालं, गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी. त्याआधी १९९० मध्ये जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ पुणे विद्यापीठातून निघालं. यामागे राजकारण होतं, नाही असं नाही. पण गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या मुलाला गुणपत्रकावरची चूक दुरुस्त करायला नागपूर गाठावं लागायचं, हेही होतं. आणि मुख्य म्हणजे, ज्या मुलींना घरून पुण्या-नागपूरला वसतिगृहात पाठवलं नसतं, त्यांच्यासाठी पदव्युत्तर विभाग एसटीच्या पासाच्या टप्प्यात आला. तुमच्याच पत्रात ते आहे: "रोज जाऊन-येऊन करता येईल म्हणून घातलं." ते विद्यापीठ नसतं तर तुमचं शिक्षण पुण्यात झालं असतं की बी.एस्सी.वरच थांबलं असतं? उत्तर मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला कळवायची गरज नाही.

हे मान्य करूनही तुमचा एचपीएलसीचा राग शंभर टक्के खरा आहे. पाहुणे आले की कव्हर काढायचं आणि मुलांना मात्र लांबून दाखवायचं, याला दुसरा शब्द नाही, ही फसवणूक आहे. फक्त आज तुम्ही त्याच क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर त्या कव्हराकडे पुन्हा एकदा बघा, विद्यार्थिनी म्हणून नको, ॲनालिस्ट म्हणून. यंत्र आलं असेल कुठल्यातरी अनुदानातून. अनुदान यंत्र विकत घ्यायला मिळतं, चालवायला मिळत नाही. देखभालीचा वार्षिक करार कुणी करायचा? त्याला लागणारं एचपीएलसी ग्रेडचं ॲसिटोनायट्राइल हे द्रावक कुठल्या खर्चशीर्षातून आणायचं? घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी, म्हणजे सी-१८ कॉलम, हजारो रुपयांचा; नवख्या बॅचने क्षारांचं द्रावण (बफर) आत तसंच ठेवून यंत्र बंद केलं की तो गेला. तंत्रज्ञाचं पद रिकामं. आणि शिकवणारे निम्मे तासिका तत्त्वावर, ज्यांच्या मानधनात यंत्र बिघडल्याची जबाबदारी घेण्याइतकं काही नसतं. अशा वेळी विभागप्रमुख सगळ्यांत सोपा मार्ग निवडतात: कव्हर घाला, कुणी हात लावू नका. त्यांची चूक यामुळे धुतली जात नाही. पण तुम्ही समितीपुढे काय बोलायचं, ते इथून ठरतं.

त्याआधी फोन करणाऱ्या सीनियरबद्दल. तुमच्या पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे आणि मला तीच ओळ सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुम्ही सगळीकडे "विभाग म्हणतो", "विद्यापीठाला हवंय" असं लिहिलंत. पण फोनवर विद्यापीठ नव्हतं. एक तेहतीस-चौतीस वर्षांची बाई होती, जिला कदाचित तुमच्याइतकेच गुण होते, जिने त्याच बंद यंत्राशेजारी दोन वर्षं काढली आणि जी आज तासावर पैसे घेऊन तिथेच शिकवते. नॅकची फाईल अशाच लोकांच्या गळ्यात पडते. तिला "पाचव्या निकषाचं तू बघ" असं सांगितलं गेलं असणार. नॅकच्या सात निकषांच्या आराखड्यात विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती हा पाचवा. माजी विद्यार्थ्यांचा सहभाग त्यातच मोडतो, आणि त्यांनी पाच वर्षांत किती रुपये दिले याचाही आकडा तिथे विचारतात. तुमचे ५,००० रुपये कुठून आले ते कळलं ना? ती मागत होती तो एक रकाना भरायला.

म्हणजे तिला होच म्हणावं असं नाही. पण नकार द्यायचा तर माणसाला देतो तसा द्या. आणि होकार द्यायच्या आधी तिला एकदा विचारा: "तुला स्वतःला समितीने काय ऐकावंसं वाटतं?" तासिकेवरची माणसं समितीपुढे तोंड उघडू शकत नाहीत. तुम्ही उघडू शकता. तुमचं पोट तिथे अडकलेलं नाही.

तुमच्यापुढे तुम्ही दोनच रस्ते ठेवलेत: जाऊन कौतुक करायचं, नाहीतर जायचंच नाही. तिसरा रस्ता तुम्ही मनातल्या मनात केव्हाच खोडून टाकलात, कारण तो म्हणजे "जाऊन उणीदुणी काढायची" असा तुमचा समज आहे. तसं केलंत तर काय होईल? समिती ऐकून घेईल, विभागप्रमुख संध्याकाळी सीनियरला झापतील आणि पुढच्या वर्षी तिचे तास कमी होतील. श्रेणी खाली आली तर तिचा फटका सध्याच्या मुलांना आणि तुमच्याही पदवीला. राग शांत होईल, दुसरं काही हाती लागणार नाही.

त्याऐवजी खरं आणि उपयोगाचं बोला. समजा तुम्हाला पाच मिनिटं मिळाली. तीन गोष्टी पुरतात. मी आज कुठे काम करते आणि या विभागातल्या कोणत्या शिकवण्याचा तिथे उपयोग झाला. (एक तरी शिक्षक असतोच, स्पेक्ट्रोस्कोपी फळ्यावर हातखंडा असणारा. त्याचं नाव मनापासून घ्या.) मग: उपकरणं आहेत, पण तंत्रज्ञ आणि देखभाल करार नसल्यामुळे माझ्या बॅचला ती हाताळता आली नाहीत, नोकरीत पहिलं वर्ष ते भरून काढण्यात गेलं. आणि शेवटी: यासाठी आम्ही माजी विद्यार्थी अमुक करायला तयार आहोत. यात एकही खोटा शब्द नाही. मधलं वाक्य समितीच्या अहवालात गेलं, तर तंत्रज्ञाचं पद मागायला विभागाच्या हातात कागद येतो. चांगला विभागप्रमुख असेल तर तुमचे आभार मानेल. चांगला नसेल तर जेवणाच्या वेळी तुमच्याशी बोलणार नाही, त्याने तुमचं काय बिघडणार आहे?

गूगल फॉर्म मात्र "सगळं उत्कृष्ट" असा भरू नका. वाटलं ते भरा. उगाच सगळीकडे "असमाधानकारक" करूनही सूड उगवू नका. तुमच्या सहीचा, म्हणजे तुमच्या ईमेलचा, प्रश्न आहे. तुम्ही रोज ज्या धंद्यात आहात तिथे नोंदवहीत मागच्या तारखेची एक नोंद सापडली तरी नोकरी जाते. तीच शिस्त इथेही वापरा. सीनियरला सरळ सांगा: "मी फॉर्म भरलाय, माझ्या मताने भरलाय." तिला रकाना भरून मिळाला, तुम्हालाही झोप येईल.

जायचंच नसेल तर? तोही पर्याय आहे आणि त्यात पाप नाही. रजा नाही, मन नाही, लहान मूल आहे, काहीही. पण "बघते", "प्रयत्न करते" असं लोंबकळत ठेवू नका, कारण तिला यादी पूर्ण करायची आहे.

पैशाचं पटकन. माजी विद्यार्थी संघटना नोंदणीकृत आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे तिचे हिशेब जातात का, पावती कोणाच्या नावाने मिळेल, हे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. रोख देऊ नका, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर तर मुळीच नको. करसवलतीचं आमिष कुणी दाखवलं तर लक्षात ठेवा: नव्या करप्रणालीत देणगीवरची वजावट मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीत २,००० रुपयांच्या वर रोख दिलेलं धरत नाहीत. मला विचाराल तर तुम्ही पैसे न देता एक सी-१८ कॉलम द्या, पत्रासह, विभागाच्या साठा नोंदवहीत नोंद करायला लावून. तुमच्या बॅचमधल्या चौघींनी मिळून घेतला तर कुणालाच जड नाही. आणि त्या पत्रात लिहा: "विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी." मग तो कव्हराखाली ठेवणं जरा अवघड जाईल.

पण तुमच्याकडे पैशापेक्षा मोलाचं काहीतरी आहे आणि ते तुम्ही पत्रात कुठेच मोजलेलं नाही. तुम्ही कंपनीच्या आत आहात. राज्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलला आणि पहिल्याच वर्षात चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. शहरातल्या मुलांना ओळखीने कुठेतरी शिरकाव मिळतो. तुमच्या विभागातली मुलं कुठे जातात? जवळच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जागा मिळाली तर नशीब, नाहीतर कुठल्यातरी पॅथॉलॉजी लॅबमधून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. तुमच्या कंपनीत दरवर्षी दोन जागा मिळवता आल्या तर बघा. एचआरकडे जाताना विभागाचं अधिकृत पत्र लागेल, विमा आणि गोपनीयतेची अट येईल, मुलं क्यूसीच्या मुख्य कामात न घेता वेगळी ठेवावी लागतील. कदाचित नाही म्हणतील. पण विचारणारं कुणीतरी आत असणं, हेच मोठ्या विद्यापीठांच्या मुलांकडे असतं आणि तुमच्याकडे नव्हतं.

तेही नाही जमलं तर वर्षातून एक शनिवार. प्रेरणादायी भाषण नको, प्लीज. "मी कशी घडले" हे ऐकून कुणाला नोकरी लागत नाही. त्याऐवजी तुमच्या कंपनीत मुलाखतीला जे विचारतात ते विचारा. मोबाइल फेज ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळायची? पीकला शेपूट येतंय, आधी काय तपासशील? पंपाचं प्रेशर एकदम वाढलं तर? सिस्टिम सुटेबिलिटी म्हणजे नेमकं काय बघतो आपण? क्रोमॅटोग्रामचे दोन-चार प्रिंटआउट न्या, कंपनीची माहिती नसलेले, आणि मुलांना वाचायला लावा. त्या ट्रेनी मुलीलाही सोबत न्या. तिची मुलाखत नुकतीच झाली आहे, तिला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. आणि जी मुलं नेट-सेटच्या (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांच्या) मागे आहेत त्यांना हेही सांगा की सेटच्या तयारीसोबत क्यूसीचा अर्ज टाकायला हरकत नसते. आपल्याकडे "प्राध्यापक नाहीतर काहीच नाही" या हट्टापायी मुलं वयाची चांगली वर्षं तासिकेवर घालवतात. तुमच्या सीनियरला मी हे तोंडावर म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.

आता एक गोष्ट जी तुमच्यासारख्या शेकडो जणांना ठाऊकच नसते. माजी विद्यार्थी म्हणजे मेळाव्यात श्रीफळ घेणारा पाहुणा, अशी आपली समजूत. कायद्यात तुमची जागा बरीच वरची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून १० जण निवडून जातात. त्यांतल्या पाच जागा राखीव, आणि त्यांपैकी एक महिलेसाठी. विद्यापीठाचं अंदाजपत्रक अधिसभेपुढे येतं. म्हणजे तंत्रज्ञाचं पद का भरलं नाही, उपकरणांच्या देखभालीला तरतूद किती, हे नुसतं कुजबुजायचं नाही, सभागृहात विचारायचं, अशी सोय आहे. मुदत पाच वर्षांची. या निवडणुका लढवतात त्या बहुतेक पॅनेल करून, आणि मतदार नोंदणीही त्या पॅनेलचे कार्यकर्तेच करतात. प्रयोगशाळेत काम करणारी, बाहेरगावी गेलेली मुलं त्या यादीत जवळपास नसतात. आणि मग आपणच म्हणतो की विद्यापीठात नुसतं राजकारण चालतं. नाव नोंदवा. नियम, शुल्क आणि मुदत विद्यापीठाच्या निवडणूक विभागाकडून तपासून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉर्मवर विसंबू नका. उभं राहायचं की नाही तो पुढचा प्रश्न.

संलग्न महाविद्यालयात शिकलेल्या वाचकांसाठी: याच कायद्यात महाविद्यालय विकास समिती आहे आणि तिच्या स्थानिक सदस्यांत एक तरी माजी विद्यार्थी हवा अशी तरतूद आहे. तुमच्या कॉलेजात ती जागा कोणाकडे आहे ते एकदा विचारा. उत्तर मनोरंजक असू शकतं.

तुमच्या पत्रात ताजा कलमात एक शंका होती, तीही बऱ्याच जणांची आहे. विद्यापीठाचं नाव मध्येच बदललं, तर पदवीचं काय? जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं, सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं. त्याआधीच्या पदव्यांवर जुनं नाव आहे आणि त्या तितक्याच वैध आहेत. अर्जात किंवा बायोडेटात पदवीवर छापलेलं नाव लिहा आणि पुढे "आताचं नाव अमुक" अशी जोड द्या. पडताळणी करणारी एजन्सी गुगलवर शोधून "असं विद्यापीठ सापडत नाही" म्हणते, तो घोटाळा टळतो. परदेशी शिक्षणासाठी ट्रान्सक्रिप्ट मागवताना नावबदलाच्या शासकीय अधिसूचनेची प्रत जोडा. डिजिलॉकरमध्ये तुमची पदवी आली आहे का तेही बघा. आली नसेल तर परीक्षा विभागाला अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण पोच न घेतलेला अर्ज छोट्या काय नि मोठ्या काय, कुठल्याच विद्यापीठात सापडत नाही.

"माझं काही देणं लागतं का" हा तुमचा शेवटचा प्रश्न. विद्यापीठाला? मला नाही वाटत. तुम्ही शुल्क भरलंत, परीक्षा दिलीत, हिशेब पुरा झाला. त्या सीनियरला थोडं, कारण ती तुम्हाला विसरली नाही. कॅन्टीनमधल्या मुलीला नक्कीच, आणि तिचं देणं सगळ्यांत आधी फेडायचं आहे. बाकी तुम्हाला करावंसं वाटलं तर करा. नाही वाटलं तर कुणी विचारायला येणार नाही.

तर या आठवड्यात चहा. मग सीनियरला फोन: "ताई, मी येते. पण फॉर्म माझ्या मनाने भरणार, आणि समितीपुढे एचपीएलसीचं बोलणार. तुला अडचण होणार असेल तर आत्ताच सांग, मी कसं मांडायचं ते दोघी मिळून ठरवू." ती नको म्हणाली, तर समितीच्या दिवशी जाऊ नका आणि ऑन जॉब ट्रेनिंगचं पत्र तिच्याकडून वेगळं मागवून घ्या. हो म्हणाली, तर तारीख लेखी मागा आणि रजेचा अर्ज लगेच टाका. समितीच्या तारखा पुढे-मागे होतात, तुमच्या कंपनीच्या ऑडिटच्या होत नाहीत.